‘पण लक्षात कोण घेतो?’ : नैतिक धैर्याचा प्रश्न

हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० ते १८९३ या काळात त्यांच्याच ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. मराठी सामाजिक कादंबरीच्या विचारात तिचे स्थान निर्विवाद आहे. परंतु वर्गात ती बहुधा सुधारणावादाचा दस्तऐवज म्हणूनच वाचली जाते. अशा वाचनातून एक आक्षेप हमखास पुढे येतो : यमू सोसते, पण बंड करीत नाही, म्हणून येथे करुणा आहे, नैतिक धैर्य नाही. धैर्य म्हणजे उघड बंड, हे या आक्षेपाचे गृहीतकच तपासून पाहिले पाहिजे.

उघड धैर्याचे चित्रण कादंबरीत नाही असे नाही. रघुनाथराव पत्नीला शिकवतात, तिला बरोबरीने वागवतात, वडीलधाऱ्यांचा रोष पत्करतात. मात्र हे सहजीवन फुलते ते मुंबईत, एकत्र कुटुंबाच्या नजरेआड. ते खरे आहे, पण एका माणसाच्या आयुष्याएवढेच टिकाऊ आहे. रघुनाथरावांच्या मृत्यूनंतर यमू पुन्हा त्याच घराच्या ताब्यात जाते आणि शंकरमामंजींच्या पुढाकाराने तिचे बळजबरीने केशवपन होते. एखाद्या सज्जन पतीचे धैर्य स्त्रीला सुख देऊ शकते, संरक्षणाची हमी देऊ शकत नाही, हे आपट्यांनी येथे कठोरपणे दाखविले आहे.

यमूचे धैर्य वेगळ्या ठिकाणी शोधावे लागते. ती आपली कहाणी स्वतः सांगते. माहेर, सासर, मुंबईचे दिवस, मैत्रीण दुर्गी हिची फरफट हे सारे तिने पाहिलेले आहे आणि पाहिले ते नाकारण्यास ती तयार नाही. ज्या व्यवस्थेत विधवेने दिसू नये व बोलू नये अशी अपेक्षा होती, तेथे घरातल्या गोष्टी नावानिशी सांगणे हीच मर्यादेबाहेरची कृती होती. तिचे शरीर इतरांच्या हाती गेले, तरी घडलेल्याचा अर्थ लावण्याचा अधिकार तिने सोडला नाही. येथील नैतिक धैर्य प्रतिकारात नाही, साक्षीत आहे.

यमूचा पुनर्विवाह दाखविणे आपट्यांना अशक्य नव्हते. पुनर्विवाहाचा कायदा १८५६ मध्येच झाला होता. पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८८९ मध्ये मुंबईत सुरू होऊन १८९० मध्ये पुण्यात आले. तेथील विद्यार्थिनी असलेल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विवाह केला. पर्याय अस्तित्वात होता. तो न स्वीकारण्यात लेखकाचा भित्रेपणा पाहणे सोपे आहे. परंतु सुखान्ताने वाचकाची सुटका झाली असती. संमतिवयाच्या वादाने, म्हणजे १८९१ च्या कायद्याने, पेटलेल्या पुण्यातील वाचकाला ती सुटका आपट्यांनी दिली नाही.

अर्थात या युक्तिवादालाही मर्यादा आहे. यमूचा आवाज एका पुरुष लेखकाने निर्मिलेला आहे. ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ मध्ये स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केली होती. त्या लेखनातील जोखीम आपट्यांच्या वाट्याला आली नाही. यमूच्या साक्षीची थोरवी सांगताना हे ऋण आणि हे अंतर विसरता कामा नये. आपट्यांचे श्रेय एवढेच, आणि ते थोडे नाही, की त्यांनी निवेदन यमूकडे सोपविले व कोणत्याही सुधारकाला तिच्या वतीने निर्णायक भाषण करू दिले नाही.

म्हणूनच या कादंबरीचे शीर्षक प्रश्नरूप आहे याला महत्त्व येते. यमूने पाहिले आणि सांगितले; तिच्या वाट्याचे धैर्य तेथे पूर्ण झाले. उरलेले धैर्य ऐकणाऱ्याचे आहे. ‘त्या काळी असे होत असे’ एवढ्यावर कादंबरी संपविणारे अध्यापन त्या प्रश्नातून स्वतःला वगळते. यमूने बंड का केले नाही, हे विचारण्यापूर्वी तिच्याभोवतीच्या सुशिक्षितांनी काय केले, हे विद्यार्थ्यांपुढे ठेवणे अधिक न्याय्य ठरेल.