मातीचा पत्ता कोण विचारणार?

गेवराई-माजलगावकडच्या काळ्या जमिनीत घर बांधायचे तर पहिली अडचण त्या जमिनीचीच असते. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते. तिच्यावर पाया स्थिर राहत नाही. म्हणून ती उपसून टाकायची आणि माळावरचा मुरूम आणून खड्डा भरायचा. माळ खरवडला जातो आणि पिकाची माती कचरा ठरते! बांधणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. आमचे गाऱ्हाणे त्याला परवानगी देणाऱ्या नगरपालिकांविषयी आहे.

मजले किती, मोकळी जागा किती, शुल्क भरले की नाही, हे सारे तपासले जाते. निघालेली माती कोठे जाणार, हे कोण विचारतो? महसूल खाते विचारते, पण स्वामित्वधनापुरते. पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली निर्णय दिला, की पाया खोदला एवढ्यानेच स्वामित्वधन लागू होत नाही. मातीचा उपयोग कशासाठी झाला हे पाहावे लागते. न्यायालयाला पडलेला प्रश्न पालिकांना पडू नये?

2016 च्या केंद्रीय नियमांनी मोठ्या बांधकामांवर माती वेगळी ठेवण्याचे आणि स्थानिक संस्थांवर राडारोडा गोळा करण्याच्या जागा नेमण्याचे बंधन घातले. पालिकेने जागा नेमली नाही, तर ट्रॅक्टरवाला ती स्वतःच नेमतो. बहुधा अंधारात, ओढ्याच्या काठी. 1989 चा बिंदुसरेचा पूर आठवणाऱ्या जिल्ह्यात तरी पाण्याची वाट बुजवणे हा किरकोळ अपराध मानता येणार नाही.

पैसा नाही, हे ठरलेले उत्तर. पण 2017 पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत तलावांतला गाळ शेतकऱ्यांनी शेतात नेला. मातीला गिऱ्हाईक आहे, हे शासनाला ठाऊक आहे. मग परवानगीच्या अर्जात मातीच्या ठिकाणाचा एक रकाना, माती हवी असलेल्या शेतकऱ्यांची पालिकेत एक यादी आणि भोगवटा प्रमाणपत्रापूर्वी माती पोचल्याची पावती, याला कोणता खजिना लागतो? अर्थात सगळीच माती शेताच्या कामाची नसते. विटा-सिमेंट मिसळलेली तर मुळीच नाही. म्हणून वरचा थर आरंभीच वेगळा ठेवण्याची अट हवी. नंतर चाळत बसणे कोणालाच परवडत नाही.

आणि हा रकाना देवळे, मशिदी, चर्च यांनाही लागू असावा. आमच्या शाळा व सभागृहे काही आकाशातून उतरत नाहीत. त्यांचेही पाये खोदावेच लागतात.