विश्वाचे वजन आणि आपण ‘आर्ट्स’वाले

‘आर्ट्सवाल्यांना विज्ञानाशी काय करायचे?’ असे आपल्या महाविद्यालयात थट्टेने विचारले जाते. आमच्या रेवसला हाच प्रश्न जरा निराळ्या शब्दांत येतो : ‘आकाशातले वाचून पोट भरेल का?’ महाविद्यालयाची पायरी चढणारा घरातला मी पहिलाच. तेव्हा उत्तर देणे मला टाळता येत नाही.

एकच उदाहरण घेऊ. विश्वजन्मानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी मोकळा झालेला प्रकाश आजही सर्व दिशांनी आपल्याकडे येत आहे. सुमारे १३८० कोटी वर्षांच्या प्रवासात तो थंडावत उणे २७० अंशांवर आला. पेन्झियस आणि विल्सन यांना तो १९६४ साली रेडिओ अँटेनातील खरखरीच्या रूपाने सापडला. या प्रकाशाच्या वाटेत दीर्घिकांचे प्रचंड समूह लागतात. वस्तुमान प्रकाशाला वाकवते, हे आइन्स्टाइनने सांगितलेच आहे. म्हणून हे समूह भिंगासारखे वागतात.

पाण्याखालचा खडक दिसत नाही, पण लाटा कोठे फुटतात यावरून आमचे नाखवे तो ओळखतात. शास्त्रज्ञांची रीत याहून फार वेगळी नाही. समूहातले बहुतेक वस्तुमान अदृश्य असते. मागून येणारा प्रकाश किती वळला, यावरून त्याचे वजन काढता येते. अतिदूरच्या समूहांमागे पुरेशा दीर्घिका दिसत नाहीत. हा प्राचीन प्रकाश मात्र सर्वांच्याच मागे आहे. वळण इतके सूक्ष्म, की एका समूहावरून ते कळणे कठीण. २०१५ साली दक्षिण ध्रुवावरील दुर्बिणीच्या संशोधकांनी ५१३ समूहांची निरीक्षणे एकत्र केली, तेव्हा कोठे ते हाती लागले!

हे सारे परदेशातले, असे कोणी म्हणेल. पण १९७९ साली पहिले गुरुत्वीय भिंग सापडल्यावर त्याचे गणित मांडणाऱ्यांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शशिकुमार चित्रे आणि डी. नरसिंह होते. ती संस्था कुलाब्याला, म्हणजे आमच्या समोरच्या पाण्यापलीकडे! आणि जयंत नारळीकर? महास्फोटाची कल्पना त्यांना अखेरपर्यंत पटली नाही. या प्राचीन प्रकाशाचाही त्यांनी वेगळा अर्थ लावला. बहुसंख्यांनी तो मानला नाही, तरी वाद चालला तो गणिताने आणि निरीक्षणाने. याच नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि पहिले बक्षीस मिळवले. विज्ञान आणि साहित्य यांच्यात भिंत आहे, असे त्यांनी मानले नाही. मग ती आपण का उभी करावी?

माझे म्हणणे एवढेच, की आपल्या ग्रंथालयात कला शाखेच्या कपाटाशेजारी मराठी विज्ञानपुस्तकांचे एक कपाट असावे, आणि विज्ञानाच्या प्राध्यापकांनी महिन्यातून एक तास आम्हाला मराठीतून द्यावा.

याने पोट भरेल का? नाही भरणार. पण रेवस-करंजा पुलाची चर्चा आमच्याकडे वर्षानुवर्षे चालू आहे. पूल, बंदर, रस्ता यांचे कागद गावात येतात, त्यांत आकडे असतात आणि माणसे मुकाट्याने अंगठा उठवतात. ‘हे तुम्ही मोजले कसे?’ असे विचारणारा एक तरी मुलगा त्या गर्दीत असायला हवा. तो विज्ञान शाखेचाच असला पाहिजे, असे थोडेच आहे?