भोकरदनच्या पाच मृतांचा न्याय कोठे अडला?

जालना जिल्ह्यातील सुज्ञ नागरिकांस,

५ जून २००३ च्या रात्री भोकरदनजवळ पेरूच्या बागेतील एका झोपडीत दरोडेखोर शिरले. त्यांनी रोकड आणि दागिने लुटले, स्त्रियांवर अत्याचार केले आणि पाच जीव घेतले. त्या क्रौर्याचे वर्णन येथे पुन्हा करण्याची आमची इच्छा नाही, कारण ज्यांनी ते सोसले त्यांच्या दुःखाचा बाजार मांडणे आम्हांस मान्य नाही. परंतु त्या पाच मृतांच्या नावाने जो न्याय झाला म्हणून आपणांस सांगण्यात आले तो न्याय नव्हताच, हे उघडपणे बोलण्याची वेळ आली आहे.

भटक्या जमातीतील सहा गरीब मजूर पकडले गेले. १२ जून २००६ रोजी जालन्याच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २००७ मध्ये तिघांची फाशी कायम करून तिघांना जन्मठेप दिली. आणि ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती जन्मठेपही अपुरी मानून सहाही जणांना पुन्हा फासाच्या दोरापाशी आणून उभे केले. यांतील एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, आणि ही गोष्ट कित्येक वर्षांनी शाबीत होईपर्यंत तो फाशीचा कैदी म्हणूनच जगत होता. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींकडे अर्ज करून, चुकीच्या आधारावर दिल्या गेलेल्या ज्या फाशीच्या शिक्षा रद्द करण्याची विनंती केली, त्यांत या शिक्षाही होत्या.

शेवटी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निकाल मागे घेतला, आणि ५ मार्च २०१९ रोजी न्यायमूर्ती सिक्री, नझीर व शहा यांच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष मुक्त केले. आयुष्यातील सोळा वर्षे गेल्यावर प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई! पण आमचे लक्ष त्या रकमेवर नाही, निकालातील एका बाबीवर आहे. हल्ल्यातून वाचलेल्या, त्या झोपडीतील गृहिणीने, घटनेनंतर लगेचच, पोलिसांच्या दप्तरातील सराईत गुन्हेगारांच्या छायाचित्रांतून चार इसमांना ओळखले होते. हे चौघे आरोपींच्या पिंजऱ्यातील सहा जणांपैकी कोणीही नव्हते, आणि त्यांच्यावर खटला उभा राहिला नाही! जिने सर्वस्व गमावले, तिच्या तोंडून निघालेली पहिली साक्ष सरकारी दप्तरात तशीच पडून राहिली, आणि तीच दाबून ठेवून सहा निरपराध माणसांना फासावर चढविण्याची तयारी झाली.

अशी चूक भटक्यांच्याच वाट्याला का यावी? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरविले; १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, परंतु गावात चोरी होताच पालाकडे वळणारी पावले अद्याप थांबलेली नाहीत. निर्दोष मुक्ततेच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, हे आरोपी भटक्या जमातीचे, समाजाच्या खालच्या थरातील, अत्यंत गरीब मजूर असल्याने त्यांना खोटे गुंतविल्याची शक्यता नाकारता येत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. ज्याच्यापाशी वकिलाच्या फीला पैसा नाही, जामिनाला घर नाही आणि ओळखीला जमादारही नाही, त्याला पकडले की तपास संपला असे मानणारी व्यवस्था खऱ्या खुन्याला मोकळा सोडते, आणि म्हणून ती मृतांचीही वैरी ठरते.

फाशीच्या बाजूने बोलणाऱ्यांना आमचा एवढाच सवाल आहे: २००९ च्या निकालाप्रमाणे दोर आवळला गेला असता, तर २०१९ चा निकाल कोणाच्या हाती दिला असता? तुरुंगात गेलेली वर्षे परत देता येत नाहीत हे खरे. पण तुरुंगाचे दार उघडता तरी येते. फाशीची शिक्षा कायद्याच्या पुस्तकातून काढून टाकावी, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.

त्याचबरोबर, निकालात ज्या दोषी पोलीस अधिकाऱ्यांची जबाबदारी निश्चित करून कारवाई करण्याचे आदेश शासनास दिले गेले, त्यांचे काय झाले, आणि त्या माउलीने ओळखलेल्या चौघांच्या बाबतीत काय तपास झाला, याचा अहवाल गृह खात्याने मराठीत, जाहीर रीतीने, भोकरदनच्या तहसील कचेरीत लावावा. हा मजकूर येत्या ग्रामसभेत वाचून दाखवा, ठराव करा, आणि त्याची नक्कल जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवून पोच घ्या.