चरा रिमवर, दुरुस्ती रबराची

पावसाळा लागला की एक तक्रार सायकल दुरुस्तीच्या दुकानात हमखास येते: ब्रेक दाबला की खरखरतो. चाक फिरवून पाहावे तर ॲल्युमिनियमच्या रिमवर, ब्रेकचे रबर घासते त्या पट्टीवर, चरे उठलेले. गिऱ्हाइकाला ती पट्टी पुन्हा गुळगुळीत हवी असते आणि आपल्यातले अनेकजण कानस किंवा बफ मारून ती तशी करूनही देतात. ही पद्धत बंद व्हावी असे आम्हाला मनापासून वाटते.

नव्या रिमची भिंत असते साधारण दीड मिलिमीटर. टायरची कड धरून ठेवायची ती तिनेच आणि रोड सायकल असेल तर 80 ते 100 पीएसआय हवेचा दाबही तिनेच सोसायचा. चरा पार पुसायचा म्हणजे त्याच्या आजूबाजूचा सगळा चांगला धातू चऱ्याच्या खोलीइतका काढून टाकायचा. कित्येक महिन्यांची झीज आपण पाच मिनिटांत करून देतो. बरे, बारीक चऱ्यांमुळे ब्रेक कमी लागतो म्हणावे, तर तसेही नाही. रबर थोड्याच दिवसांत त्या खाचांना जुळते. चऱ्यात एपॉक्सी भरण्याच्या तर वाटेलाही जाऊ नये. ब्रेकच्या उष्णतेत आणि घर्षणात ते टिकत नाही.

खरे दुखणे रबरात असते. ब्रेक शू सोडवून उजेडात तिरका धरा. काळ्या रबरात बारीक चकाकणारे ठिपके दिसतील. ते रिमचेच कण. ओल्या रस्त्यावरची रेती रबरात रुतते, ती रिम खरवडते, निघालेला कीस पुन्हा रबरात जाऊन बसतो आणि मग धातूवर धातू घासू लागतो. टोच्याने एकेक कण उकरून काढा. नुसता पॉलिश पेपर मारला तर कण वरून सपाट होतो आणि आत तसाच राहतो. सगळे कण निघाले की मगच रबर पेपरवर घासून नवा थर उघडा करा. जुने होऊन टणक झालेले रबर सरळ बदला. नवी रिम आणि स्पोक भरून चाक बांधण्याची मजुरी यांच्यापुढे रबराची किंमत काहीच नाही.

रिमवर करायचे काम थोडेच. पट्टी स्पिरिटने पुसा आणि कापसाचा बोळा हलक्या हाताने पूर्ण फेरा फिरवा. धागे जिथे अडकतील तिथे चऱ्याची कड वर उठलेली आहे. रबर सोलते ती तीच. 400 नंबरचा वॉटर पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून तेवढीच कड घासा. चरा दिसत राहील, राहू द्या. क्रोमच्या लोखंडी रिमला मात्र पेपर लावू नका, क्रोम गेला की गंज धरतो. कार्बनच्या रिमला तर मुळीच नको. तिथे चरा धाग्यांपर्यंत पोचला असेल तर ती रिम वापरातून काढाच.

आणि मोजल्याशिवाय चाक परत देऊ नका. काही रिमांवर झीज दाखवणारी खाच किंवा ठिपका असतो. तो पुसला गेला की रिम संपली. तशी खूण नसेल तर टायर काढून भिंत मोजावी लागते. रिमच्या कडेला ओठ असतो, त्यामुळे व्हर्नियर सरळ लावला तर माप जास्त येते. स्पोकचे दोन छोटे तुकडे भिंतीच्या आत-बाहेर धरून त्यांच्यावरून माप घ्या आणि दोन्ही तुकड्यांची जाडी वजा करा. चार-पाच ठिकाणी मोजून सर्वांत कमी आकडा धरा. तो 1 मिलिमीटरच्या खाली असेल, तर गिऱ्हाईक कितीही घाईत असो, रिम बदलायलाच सांगा. झिजलेली भिंत हवेच्या दाबाने फाटते, आणि तेही बहुधा ब्रेक दाबलेला असताना, उतारावर.

हा आकडा तारखेसह बिलावर लिहून द्यावा, अशी आमची विनंती आहे. पुढच्या पावसाळ्यात तीच सायकल आली की भिंत किती उतरली ते दोघांनाही कळेल. रबर साफ करण्याची आणि माप घेण्याची मजुरीही वेगळी लावा. त्यात संकोच नको.