दारातला हत्ती आणि त्याचा चारा

मालाच्या लहान गाडीला आपल्याकडे अजूनही सरसकट ‘टेम्पो’ म्हणतात. मुळात हे एका जर्मन कंपनीच्या गाडीचे नाव. त्या कंपनीशी करार करून १९५८ साली बजाज टेम्पो सुरू झाली, तिच्या तीनचाकी गाड्या आणि पुढे मॅटाडोर महाराष्ट्राच्या गावोगावी पोहोचल्या आणि नाव लोकांच्या तोंडी बसले ते कायमचे. कंपनीने २००५ साली आपले नाव बदलून फोर्स मोटर्स केले. लोकांनी काही बदलले नाही. योगायोग असा की त्याच २००५ साली टाटांनी ‘एस’ नावाची चिमुकली चारचाकी मालगाडी आणली आणि लोकांनी तिचे बारसे परस्परच उरकले. तिला म्हणू लागले ‘छोटा हत्ती’. नाव ठेवणाऱ्याच्या मनात तिची ताकद असावी. पण हत्ती म्हटला की चाराही आलाच, आणि दारात हत्ती बांधण्याआधी चाऱ्याचा हिशेब करावा, हे शहाणपण आपल्या भाषेत फार जुने आहे.

वसमत परिसरात हा हत्ती आता जागोजागी दिसतो. येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांमुळे या भागाला पूर्णेचे पाणी मिळाले, त्यावर ऊस, केळी आणि हळद उभी राहिली. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. माल वाढला तशी तो हलवणारी गाडी लागू लागली. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि पुढे ‘एमएच ३८’ची पाटी आली. आज ही पाटी लावलेल्या पिकअपच्या मागे बहुधा एक ठरलेली कथा असते. घरची दोन-तीन एकर जमीन, मुलाचे शिक्षण झालेले, नोकरीचा पत्ता नाही. मग घरात विषय निघतो, की एक गाडी घेऊन द्यावी. आपला माल जाईल, दुसऱ्याचेही भाडे मिळेल. थोडे रोख, थोडे आईच्या दागिन्यांवर, बाकीचे पाच वर्षांच्या हप्त्यांवर. म्हणजे ही गाडी नुसते वाहन नाही. मुलाची नोकरी आणि घरावरचे कर्ज, दोन्ही तिच्यातच आहेत.

अशा वेळी प्रश्न येतो की डिझेलची घ्यावी, पेट्रोलची घ्यावी, की गॅसची? आणि उत्तर तयारच असते. काका, मामा, शेजारी, मिस्त्री, सगळे एका सुरात सांगतात, ‘मालाची गाडी म्हणजे डिझेलच!’ हे उत्तर एकेकाळी बरोबर होते. आज ते हिशेबाशिवाय मानणाऱ्या कुटुंबाला ते महाग पडू शकते, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे.

जुने उत्तर बरोबर का होते, ते आधी पाहू. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडून इंधन पेटते. डिझेलच्या इंजिनात ठिणगीच नसते. तिथे हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. या जास्त दाबामुळे उष्णतेचा मोठा वाटा कामी येतो. शिवाय एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा असते. कमी फेऱ्यांवरही हे इंजिन जोर लावते, म्हणून भरलेली गाडी चिखलातून किंवा चढावरून ओढायला ते सरस. हे गुण आजही आहेत आणि उद्याही राहतील.

पण डिझेलचा खरा दरारा इंजिनामुळे नव्हता, तो भावामुळे होता. पेट्रोल म्हणजे मोटारवाल्यांचे आणि डिझेल म्हणजे शेतकऱ्याचे, ट्रकचे, एसटीचे, असा हिशेब धरून सरकारने वर्षानुवर्षे डिझेल स्वस्त ठेवले. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३ रुपयांवर गेले होते, तेव्हा डिझेल ४१ रुपयांच्या आसपास होते. लिटरमागे ३२ रुपयांचा फरक असताना हिशेबाची वही उघडायची गरजच काय होती? जानेवारी २०१३ पासून डिझेलचा भाव थोडा थोडा वाढवत नेला गेला आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने तो बाजारावर सोडला. पुढे जून २०२० मध्ये तर दिल्लीत, तिथल्या वाढीव करामुळे का होईना, डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झाले. अमेरिकेत हीच चर्चा पिकअपवाल्यांत वर्षानुवर्षे चालते. तिथे ‘गॅस’ म्हणजे पेट्रोल, आणि पंपावर डिझेल बहुतेक वेळा पेट्रोलपेक्षा महागच असते. डिझेल स्वस्त असणे हा निसर्गनियम नव्हे. तो आपल्याकडचा सरकारी निर्णय होता आणि तो बदलला आहे.

दुसरा बदल १ एप्रिल २०२० रोजी आला. त्या दिवसापासून देशात भारत स्टेज सहा ही प्रदूषणाची मानके लागू झाली. डिझेल इंजिनाला ही मानके पाळणे पेट्रोलपेक्षा अवघड आणि खर्चिक आहे. कारण त्याचा धूर काजळीचा, आणि ती अडवायला धुराच्या नळीत एक खास गाळणी बसवावी लागते. यावर कंपन्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. मारुतीने २०१६ साली ‘सुपर कॅरी’ ही लहान मालगाडी डिझेल इंजिनासह आणली होती. नव्या मानकांनंतर ती फक्त पेट्रोल आणि सीएनजीवर आली. ज्या टाटांनी डिझेलचा छोटा हत्ती आणला, त्यांनीच २०२५ मध्ये ‘एस प्रो’ काढली ती पेट्रोल, पेट्रोल-सीएनजी आणि वीज या तीन रूपांत. लहान गाडीत डिझेलचे गणित पूर्वीसारखे बसत नाही, हे कारखानदारांनी ओळखले. आपल्या पारावर मात्र अजून जुनेच गणित चालते.

त्या गाळणीबद्दल दोन शब्द. तिच्यात साठलेली काजळी अधूनमधून जळून जावी लागते आणि त्यासाठी इंजिन बराच वेळ चांगले तापलेले लागते. गाडी रोज सलग महामार्गावर पळत असेल तर हे काम आपोआप होते. पण शेतातून गाव, गावातून मोंढा, मोंढ्यात तासभर उभे राहणे, पुन्हा गाव, अशा तुटक फेऱ्यांत गाळणी तुंबू शकते आणि समोर दिवा लागतो. पूर्वीचे इंजिन नाक्यावरचा मिस्त्री नुसत्या आवाजावरून दुरुस्त करायचा. आता त्याच्या कानाबरोबर संगणकही लागतो, आणि तो नसला तर गाडी मोठ्या गावी न्यावी लागते.

आता वही उघडू. पुढचे आकडे नमुन्याचे आहेत. प्रत्येकाने आपल्या पंपाचे आणि आपल्या गाडीचे घालावेत. समजा, डिझेल ९२ रुपये लिटर आणि पेट्रोल १०५. डिझेलची लहान गाडी लिटरला २० किलोमीटर जाते, पेट्रोलची १६. म्हणजे डिझेलला किलोमीटरमागे ४ रुपये ६० पैसे लागतात, पेट्रोलला सुमारे ६ रुपये ५६ पैसे. फरक जवळपास दोन रुपयांचा. पहिल्या नजरेला डिझेलच जिंकले. पण समजा डिझेलची गाडी एक लाखाने महाग आहे. हा लाख बारा टक्के व्याजाने पाच वर्षांच्या हप्त्यावर घेतला तर महिन्याला सव्वादोन हजारांच्या आसपास जादा हप्ता पडतो. तो दोन रुपयांच्या बचतीतून भागवायचा तर गाडी महिन्याला अकराशे किलोमीटर पळायला हवी. तेही बाराही महिने, पाच वर्षे. त्याच्या पुढचा किलोमीटर कमाईचा. तोवरची सगळी धाव जादा हप्त्यासाठी.

अकराशे किलोमीटर काही फार नाहीत, असे कोणी म्हणेल. वसमतहून नांदेडची चाळीसेक किलोमीटरची वारी रोज करणाऱ्याला ते पंधरा दिवसांत होतील. पण ज्याची गाडी मुख्यतः हंगामावर चालते, त्याने थांबून विचार करावा. हळद काढून, शिजवून, वाळवून, पॉलिश करून मोंढ्यात येते ती उन्हाळ्याच्या तोंडाला. मग पावसाळ्यापर्यंत धावपळ. सोयाबीनची घाई दसरा-दिवाळीच्या आसपास. मधले महिने गाडी दारात उभी असते. हत्ती उभा राहिला म्हणून त्याचा हप्ता उभा राहत नाही.

गॅसचे म्हणजे सीएनजीचे गणित आणखी निराळे. समजा, किलोला ९२ रुपये भाव आहे आणि गाडी किलोला २१ किलोमीटर जाते. खर्च किलोमीटरमागे ४ रुपये ३८ पैसे. डिझेलपेक्षाही कमी! पण पंप कुठे आहे? टाकीत बारा किलो गॅस मावतो असे धरले तर एका भरण्यात अडीचशे किलोमीटर होतात. पंप चाळीस किलोमीटरवर असेल आणि नुसता गॅस भरायला जायचे असेल, तर त्यातले ऐंशी किलोमीटर जाण्यायेण्यातच संपले. उरलेल्या एकशे सत्तर किलोमीटरांवर ११०४ रुपयांचा खर्च वाटला की दर पडतो जवळपास साडेसहा रुपये. म्हणजे पेट्रोलइतकाच, वर रांगेतला वेळ वेगळा. उलट तो पंप रोजच्या वाटेवर असेल, माल घेऊन तिकडे जावेच लागत असेल, तर सगळ्यांत स्वस्त गॅसच. तेव्हा गॅसची गाडी घेण्याआधी पंप जवळ आहे का, एवढेच विचारून भागत नाही. तो आपल्या वाटेवर आहे का, हे पाहावे. तिथे गॅस पाइपने येतो की टाक्यांच्या ट्रकने, हेही विचारावे. ट्रकने येत असेल तर ट्रक येईपर्यंत थांबावे लागते आणि दाब उतरला की टाकी अर्धीच भरते.

गॅसच्या टाकीची घरात भीती असते, विशेषतः बायकांना. ती अगदीच अनाठायी नाही, कारण त्या टाकीत गॅस हवेच्या दाबाच्या सुमारे दोनशे पट दाबाने भरलेला असतो. मात्र कंपनीतून बसवून आलेली आणि दर तीन वर्षांनी तपासून घेतलेली टाकी सुरक्षित मानली जाते. सीएनजी हवेपेक्षा हलका असल्याने गळती झाली तरी तो उघड्यावर वर निघून जातो; स्वयंपाकाच्या गॅससारखा जमिनीलगत साचत नाही. भीती बाळगावी ती कुठेतरी स्वस्तात बसवून घेतलेल्या टाकीची आणि चुकवलेल्या तपासणीची. आणखी एक गोष्ट म्हणजे टाक्यांना वजन असते. काही लहान गाड्यांत गॅसमुळे भार वाहण्याची क्षमता शंभरेक किलोंनी कमी होते, म्हणजे पन्नास किलोचे दोन कट्टे खाली उतरले. रोज भरगच्च माल नेणाऱ्याने हे दोन कट्टे वर्षभराच्या हिशेबात धरावेत.

मग डिझेल कोणी घ्यावे? ज्याला बाराही महिने काम आहे, ज्याची धाव लांबची आहे, ज्याचा माल टन-दीड टनाचा आहे, त्याने खुशाल घ्यावे. हळद घेऊन चारशे किलोमीटरहून लांब सांगलीच्या पेठेत जाणाऱ्याला किंवा केळीचे घड रातोरात पोहोचवणाऱ्याला डिझेलची मोठी पिकअपच शोभते. तिथे सगळ्या खर्चाची वसुली लवकर होते, इंजिन तापत राहते आणि गाळणीही साफ राहते. माझा आक्षेप आहे तो पंधरा कट्ट्यांचे काम असताना पुढे-मागे लागेल म्हणून तीस कट्ट्यांची गाडी घेण्याला. त्यात पुष्कळदा गरजेपेक्षा मानाचा भाग जास्त असतो. भावकीत कोणाच्या दारात मोठी पिकअप उभी राहिली की लहान गाडी घेणे कमीपणाचे वाटते. आणि उलट बाजूने, लहान गाडी घेऊन तिच्यावर दुप्पट माल लादणारेही आहेतच. पाटे, टायर आणि ब्रेक हे लाड फार दिवस चालू देत नाहीत, आणि ब्रेक लागला नाही तर प्रश्न पैशांचा उरत नाही.

हिशेबात न येणारी एक गोष्ट धुराची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणारा आहे, असे जाहीर केले. नव्या गाड्यांचा धूर खूप सुधारला आहे, यात शंका नाही. पण अंगणात गाडी चालू ठेवून माल भरला जातो तेव्हा आसपास म्हातारी माणसे आणि लेकरे असतात. मोंढ्याच्या रांगेत इंजिन बंद करायला तर काहीच खर्च येत नाही, उलट इंधन वाचते.

हा निर्णय आपल्याकडे बहुधा शोरूमच्या थंडगार खोलीत होतो. विक्रेता दरमहा हप्ता सांगतो, गाडीला हार घालायला मुहूर्त ठरतो आणि ज्या बाईच्या दागिन्यांवर पहिली रक्कम उभी राहिली तिला इंधन कोणते हे विचारायचेही कोणाला सुचत नाही. वास्तविक घरचा जमाखर्च तीच चालवते. आज गावोगावच्या बचत गटांत महिला दहा-दहा रुपयांचा हिशेब चोख ठेवतात. त्यांना किलोमीटरचा हिशेब जड नाही. गाडी घेण्याआधी एक हंगाम भाड्याच्या गाडीवर काम करून पाहावे आणि रोज रात्री वहीत चार गोष्टी लिहाव्यात. किती किलोमीटर झाले, किती कट्टे नेले, कोणत्या वाटेने गेलो, परत येताना गाडी भरलेली होती की रिकामी. तीन महिन्यांची ती वही समोर ठेवली की डिझेल, पेट्रोल की गॅस, याचे उत्तर काकालाही विचारावे लागणार नाही आणि विक्रेत्यालाही. कदाचित ती वही असेही सांगेल की अजून वर्षभर भाड्याचीच गाडी बरी. ते उत्तरही ऐकण्याची तयारी ठेवावी. त्यात मुलाचा कमीपणा नाही आणि दागिनेही घरातच राहतात.