मोरिवली ते वालधुनी : पाण्याचा हक्क अजून अपुराच

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पाणी सर्वांचे, हे तेव्हा सिद्ध झाले. पण अंबरनाथ-उल्हासनगरच्या वालधुनीत आज ओंजळ बुडवायची कुणाची हिंमत आहे?

अंबरनाथजवळच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी शिवमंदिराजवळून वाहत उल्हासनगरमार्गे कल्याणकडे जाते. मोरिवलीसह अंबरनाथ पट्ट्यातील रासायनिक कारखाने, उल्हासनगरचा जीन्स धुलाईचा धंदा आणि शहरांचे सांडपाणी यांनी तिचा नाला केला. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस टँकरमधून नदीत रसायन ओतले गेले आणि काठावरच्या शेकडो लोकांना श्वास कोंडल्याने रुग्णालय गाठावे लागले. २०१५ मध्ये ‘वनशक्ती’च्या याचिकेवर हरित लवादाने उल्हास-वालधुनीच्या प्रदूषणासाठी सुमारे ९५ कोटींचा दंड ठोठावला. तरीही नदी स्वच्छ झाली नाही.

हे केवळ दुर्गंधीचे दुखणे नाही. कोळसा आणि तेल जाळल्याने हवेतला कार्बन वाढतो. एक अंश तापमान वाढले की हवा सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते आणि पाऊस एकदम कोसळतो. त्यात भराव आणि कचऱ्याने पात्र अरुंद झालेले. मग पाणी शिरते ते आधी काठावरच्या वस्तीत. खाली खाडीतली खारफुटी चिखलात कार्बन साठवते, पण आपले विष शेवटी तिच्याच मुळांशी पोहोचते. एक बिघडले की दुसरे बिघडते. प्रतीत्यसमुत्पाद याहून वेगळा काय सांगतो?

रोजगार की नदी, असा पेच आपल्यापुढे टाकला जातो. आम्हाला तो मान्य नाही. कारखान्यात राबणारा आणि नाल्याकाठी राहणारा बहुधा एकाच वस्तीतला असतो. सांडपाण्यावर प्रक्रिया करणे हा मालकाचा खर्च आहे. तो कामगाराच्या लेकरांच्या फुप्फुसांतून वसूल होता कामा नये.

१९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त पाणी व हवा हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तेव्हा तरुणांनो, माहिती अधिकारात प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून प्रक्रिया केंद्रांच्या पाण्याचे तपासणी अहवाल मागा. ते विहारात मोठ्याने वाचा. पाण्याचा रंग बदलला की तारीख-वेळेसह फोटो काढून लेखी तक्रार करा, पोच घ्या.

येत्या २० मार्चला महाडला जरूर जाऊ. त्याआधी एकदा वालधुनीच्या काठावर उभे राहू.

जयभीम!