विम्याआधी जॅकेट

२३ जानेवारी २०२४ रोजी गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यात, गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटली आणि सहा महिला बुडाल्या. मिरची तोडायला निघालेल्या त्या मजूर बाया होत्या. त्याच वर्षी १८ डिसेंबरला मुंबईत गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली. १५ जीव गेले. त्यानंतर गेटवेच्या बोटींवर प्रवाशांना लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. ते योग्यच झालं. पण त्याआधी अकरा महिने झालेल्या गणपूरच्या अपघाताचं नाव आज राज्यात किती जणांना आठवतं? आणि वर्षाचे बारा महिने त्याच पाण्यावर उभं राहून जाळं टाकणाऱ्या ढिवराच्या अंगात जॅकेट का नाही, हा प्रश्न तेव्हा तरी कोणी विचारला?

लाइफ जॅकेट ही आपल्याकडे पर्यटकाची वस्तू झाली आहे. अर्धा तास तलावात फिरणाऱ्याला ते बांधल्याशिवाय बोटीत बसू देत नाहीत. पुराच्या आधी होणाऱ्या सरावात बचाव पथकाचे जवान ते घालून फोटोत दिसतात. ज्याचं पोट पाण्यावर आहे, तो मात्र बनियन आणि पंचावर. मार्कंड्याच्या काठावर, घोडाझरीच्या किंवा आसोलामेंढ्याच्या तलावावर, गावोगावच्या मामा तलावांवर पहाटेच्या अंधारात डोंगा, ट्यूब नाहीतर थर्माकोलचा तराफा घेऊन निघणारा माणूस आपल्या सुरक्षेच्या कल्पनेत बसतच नाही.

याचं समर्थन करणारे तीन युक्तिवाद नेहमी ऐकू येतात. त्यांतले दोन खोटे आहेत आणि एक खरा.

पहिला : ‘ढिवराच्या पोराला पोहणं शिकवावं लागत नाही.’ शिकवावं लागत नसेलही. पण डोंग्यातून पडणं म्हणजे पोहायला उतरणं नव्हे. माणूस पडतो तेव्हा बेसावध असतो, बऱ्याचदा हातात जाळं असतं. त्याचाच फास पायाला बसतो. डोकं डोंग्याच्या काठावर आपटतं. फेफरं येतं, चक्कर येते. रेती उपसून झालेल्या खड्ड्यात गुडघाभर पाण्याचं एका पावलात पुरुषभर पाणी होतं. वर गोसीखुर्दची दारं उघडली की ओळखीच्या नदीला अनोळखी ओढ येते. शुद्ध हरपलेल्या माणसाला पोहता येत होतं की नव्हतं, याला काही अर्थ उरत नाही. आणि पोहता येणं एवढंच पुरेसं असतं, तर गावाकडे पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकायची रीत कशाला पडली असती? तरंगणारी वस्तू अंगाला बांधणं हे काही शहरी खूळ नाही. जुन्या लाइफ जॅकेटांत बूच भरलेलं असे, पुढे कपोक नावाचा झाडाचा कापूस आला. आपल्या जंगलातली काटेसावर त्याच झाडाच्या नात्यातली.

दुसरा : ‘ज्याचं लिहिलंय ते टळत नाही.’ हे वाक्य निदान मार्कंड्याच्या परिसरात तरी कोणी उच्चारू नये. ज्या मार्कंडेयाच्या नावाने हे क्षेत्र ओळखलं जातं, त्याचं मरण सोळाव्या वर्षी ठरलेलं होतं. यमाचा पाश गळ्याशी आला तेव्हा त्या पोराने पिंडीला मिठी मारली आणि सोडली नाही. महाशिवरात्रीच्या जत्रेला येणाऱ्या प्रत्येकाला ही कथा ठाऊक असते. ठरलेलं मरण परतवलेल्या मुलाच्या देवळापुढे हात जोडायचे आणि काठावर येऊन नशिबाला बोल लावायचा, हे जुळत नाही.

तिसरा युक्तिवाद खरा आहे : ‘ते घालून काम होत नाही.’ मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो. जाड फोमचं, गळ्याशी काचणारं जॅकेट घालून दिवसभर जाळं ओढून दाखवा, मग बोला. खांद्यावरून जाळं फेकायला हात मोकळा लागतो. लोंबणारे पट्टे आणि बकला जाळ्यात अडकतात; म्हणजे वाचवायला आणलेली वस्तूच धोका होते. म्हणून नुसतं ‘जॅकेट वाटा’ म्हणणं आळशीपणाचं आहे. कार्यालयात बसून, सर्वांत कमी दराच्या निविदेतून, एकाच मापाची शंभर जॅकेटं आली, की ती डोंग्यात बसायची गादी होतात किंवा घरात खुंटीला लटकतात.

तेव्हा निवड करायची ती घालणाऱ्याने. पाण्यात डोकं वर राहायला मोठ्या माणसाला साधारण चार-पाच किलोचा जादा आधार पुरतो. जॅकेटवर हा आधार न्यूटनमध्ये लिहिलेला असतो : ५० न्यूटन म्हणजे सुमारे पाच किलो, १०० म्हणजे दहा. ५० चं जॅकेट हलकं आणि कामाला सोयीचं; पण ते शुद्धीवर असलेल्या, पोहता येणाऱ्या आणि काठाजवळ असलेल्या माणसासाठी. बेशुद्ध माणसाचं तोंड वर फिरवण्याची खात्री ते देत नाही. त्यासाठी १०० किंवा अधिक लागतं. एकट्याने, अंधारात, मोठ्या पाण्यात जाणाऱ्याने तेच घ्यावं. हवा भरून फुगणारं जॅकेट उन्हाळ्यात सुखाचं वाटतं. मात्र माशाचे काटे आणि गळ यांच्या संगतीत ते फाटण्याचा धोका आहे, शिवाय त्याचं गॅसचं नळकांडं बदलून मिळणार कुठे? इथे फोमचंच बरं.

माप छातीचं आणि वजनाचं पाहावं. घालून, पट्टे आवळून दुसऱ्याला दोन्ही खांद्यांना धरून वर ओढायला सांगावं. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे. मांडीतून जाणारा पट्टा असेल तर उत्तम. बाह्यांची जागा रुंद, पुढची बाजू सपाट, उरलेले पट्टे आत खोचलेले, रंग भडक, शिट्टी बांधलेली. पोराला बापाचं जॅकेट चालत नाही. साडी नेसणाऱ्या बाईने ते साडीवरून घालून, उथळ पाण्यात उतरून पाहावं. आणि डोंग्यात ठेवलेलं जॅकेट म्हणजे नसलेलं जॅकेट. पडल्यावर ते घालायला वेळ मिळत नाही.

आता पैशांचं. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मच्छीमाराचा अपघाती मृत्यू झाला तर पाच लाखांचा विमा आहे आणि हप्ता सरकारच भरतं. चांगली गोष्ट आहे. पण त्यासाठी माणूस आधी मरावा लागतो. जॅकेट पडतं एखाद्या बऱ्या जाळ्यापेक्षा स्वस्त. मेलेल्याची किंमत पाच लाख आणि जिवंत राहण्यासाठीची तरतूद त्याच्याच खिशातून, हा हिशेब कोणत्या शहाणपणात बसतो?

करायचं ते अवघड नाही. तलावांचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांना दिला जातो, तेव्हा क्रियाशील सभासदांची यादी कार्यालयाकडे असतेच. ठेक्याच्या करारातच प्रत्येक क्रियाशील सभासदामागे एका जॅकेटचा खर्च शासनाने उचलावा. चार-पाच नमुने काठावर आणावेत, ढिवरांनी ते घालून जाळं टाकून पाहावं आणि संस्थेने ठरावाने निवडावं. डोंग्यातून माणसं पलीकडे नेली जातात तिथे घाटावर जादा जॅकेटं असावीत. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात यंत्राविना चालणाऱ्या नावांचाही विचार केलेला आहे. तेव्हा डोंगा कायद्याबाहेरचा आहे, ही सबबही टिकत नाही.

एवढं झाल्यावर संस्थेनेही एक नियम करावा : अंगात जॅकेट नसेल तर डोंगा सुटणार नाही, मग तो अध्यक्षाचा का असेना.

जाळं बुडू नये म्हणून ढिवर त्याच्या वरच्या दोरीला थर्माकोलचे तुकडे आणि रिकाम्या बाटल्या बांधतो. एकही गाठ विसरत नाही, कारण बुडालेल्या जाळ्याची किंमत त्याला माहीत असते. त्याच्या स्वतःच्या जिवाची किंमत त्याला, त्याच्या संस्थेला आणि शासनाला त्याहून कमी वाटते का, एवढंच विचारायचं आहे.